बंगळूरच्या दसऱ्यात स्टँडने मान टाकली

मिरजेतली गिऱ्हाइकं मला संशयी म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. कॅमेऱ्यासमोर बसलेला माणूस पहिल्यांदा काय करतो, तर पोट आत घेतो. जन्मभर हेच बघत आलेल्या माणसाचा कोणावर चटकन विश्वास बसत नाही. त्यामुळे बंगळूरला निघालो तेव्हा कॅमेऱ्याची पेटी बाकाखाली न ठेवता मांडीवर घेतली, आणि शेजारच्या सद्गृहस्थांनी "द्या, मी धरतो जरा" म्हटल्यावर तिच्यावर दोन्ही हात ठेवून झोपलो. गृहस्थ हुबळीला उतरून गेले. पेटी उघडून पाहिली तेव्हाच मला खरी झोप लागली.

जाण्याचं कारण धाकटी बहीण सुशी. लग्न होऊन ती बंगळूरला गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. तिचं सासर मराठी, पण कोणत्या काळात तिकडे जाऊन राहिलेलं ते त्यांनाही नीट सांगता येत नाही. शहाजीराजांबरोबर आलो म्हणतात. मला या शहाजीराजांबद्दलही शंका आहे, कारण बंगळूरात भेटलेलं प्रत्येक मराठी घर त्यांच्याबरोबरच आलेलं होतं. सुशीने निरोप धाडला होता की सासूबाईंची एकच इच्छा आहे, दसऱ्याला त्यांचा आणि त्यांच्या दोन्ही मुलांचा एकत्र फोटो व्हावा, आणि तो दादानेच काढावा. बंगळूरात फोटोवाल्यांचा काय दुष्काळ पडला आहे? मलाच का बोलावलं, हा पहिला संशय घेऊन मी स्टेशनवर उतरलो.

जयनगर

सुशीचं घर जयनगरला आहे. ही वसाहत अजून इतकी नवी आहे की घरांपेक्षा रस्ते जास्त आणि झाडं माणसाच्या कमरेएवढी. आमच्या गावात रस्ता शोधावा लागतो. इथे रस्ता सापडतो आणि घर शोधावं लागतं. सप्तमीची सकाळ होती. दारात मोठी रांगोळी, आत पायऱ्या-पायऱ्यांवर लाकडी बाहुल्या मांडलेल्या. नवरात्रात इथे घरोघर बाहुल्या मांडतात. आमच्याकडे घट बसतो, यांच्याकडे अख्खं गाव बसतं: राजा, राणी, वाणी, पोलीससुद्धा.

सुशीच्या सासूबाईंना सगळे अम्मा म्हणतात. किरकोळ बांधा, पांढरे केस, आणि बोटं मात्र सुताराची वाटावीत अशी भक्कम. त्यांच्या यजमानांचं चिकपेटेत शिलाईचं दुकान होतं. मशीनवर बसायची माणसं वेगळी, पण मशीन उघडणं, साफ करणं, तेल घालणं हे काम अम्मांचं.

"या, स्वल्प बसा. कॉफी घ्या," अम्मा म्हणाल्या.

कॉफी पितळी पेल्यात आणि पसरट वाटीत आली. मी चहाचा माणूस. पहिला घोट संशयाने घेतला आणि दुसरा पेला मागून घेतला.

दुपारी बिसीबेळे भात वाढताना सुशीने खरी गोष्ट सांगितली. अम्मांचे थोरले चिरंजीव श्रीपाद, त्यांना घरात अण्णा म्हणतात, आणि धाकटे रंगनाथराव, म्हणजे सुशीचे यजमान, वडील गेल्यापासून एकमेकांशी बोलत नाहीत. अण्णांना दुकान चालवायचं होतं. रंगनाथरावांनी कारखान्यात नोकरी धरली आणि दुकान बंद पडलं. अण्णा आपल्या वाटणीची मशीनं घेऊन आनेकलला गेले आणि तिथेच राहिले.

"दसऱ्याला तेवढे येतात," सुशी म्हणाली. "अम्मांना बन्नी, म्हणजे इथलं सोनं, देतात, पाणी पितात आणि परतीची बस पकडतात. जेवायला कधी थांबत नाहीत. दादा, तेवढ्यात फोटो झाला तर झाला. अम्मांचं वय बघतोस ना? पुढल्या दसऱ्याचं कोणी सांगावं?"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. माझा भातावरचा हात थांबला. कोणावरही संशय न घेता मला वाईट वाटलं.

लालबाग

दुसऱ्या दिवशी, हात बसावा म्हणून, स्टँड आणि कॅमेरा घेऊन लालबागेत गेलो. काचेच्या महालासमोर स्टँड उभा केला, काळं फडकं डोक्यावर घेतलं, महाल नीट चौकटीत बसवला. प्लेट घालून लेन्सचं झाकण काढलं आणि समोर पाहतो तो कॅमेरा जेवणानंतर पेंगणाऱ्या माणसासारखा हळूहळू खाली वाकतोय! मी परत वर केला, नट पिळला, तो परत वाकला. महालाऐवजी गवत आलं असणार, याची धुऊन न बघताच खात्री झाली.

स्टँडच्या तीन लाकडी पायांवर जो पितळी सांधा असतो, ज्यावर कॅमेरा बसतो आणि पुढेमागे कलतो, त्याला मी मान म्हणतो. दोन पितळी चकत्या एकमेकींवर बसतात आणि पाकळीच्या नटाने आवळल्या की कॅमेरा आहे तिथे राहतो. निदान राहायला हवा. माझ्या चकत्या झिजून आरशासारख्या गुळगुळीत झाल्या होत्या. मिरजेत हलका कॅमेरा लावायचो म्हणून हे कळलं नव्हतं. इथे मिरवायला जड कॅमेरा आणला आणि मानेने दगा दिला. आसपास जमलेली मंडळी हसत होती. त्यांतल्या एकाने तरी नटाला हात लावला असेल का, हे मी प्रत्येकाच्या तोंडाकडे बघून ताडायचा प्रयत्न केला.

चिकपेट

रंगनाथराव मला त्याच दुपारी चिकपेटेत घेऊन गेले. एवढ्याशा गल्लीत साड्यांचे गठ्ठे, खिळ्यांची पोती, तांब्याची भांडी, हातगाड्या आणि माणसं. पुण्याचा लक्ष्मी रोड मला गर्दीचा वाटायचा. इथे मी तो शब्द परत घेतला. एका हाताने खिसा आणि एका हाताने स्टँडची मान धरून मी चाललो होतो, त्यामुळे धक्का मारणाऱ्यांना बाजूला करायला हात उरला नाही.

गल्लीच्या टोकाला मुनियप्पाचं दुकान. शिलाई मशीन, स्टोव्ह, कुलपं, जे काही पिळतं आणि फिरतं ते सगळं हा माणूस दुरुस्त करतो, आणि त्याहून जास्त बोलतो. कुठल्याशा संस्थानिकाची मोटार आपणच कशी चालू केली ते त्याने पहिल्या दमात सांगितलं. मान हातात घेऊन त्याने ती गरागरा फिरवली.

"साब, ये तो पूरा घिस गया. चमडा डालूंगा बीच में. बेल्ट का चमडा. फिर हाथी बिठाओ, नहीं हिलेगा."

चामडं! पितळेच्या कामात चामडं कशाला? मी रंगनाथरावांच्या कानात विचारलं. ते म्हणाले, "सरी आहे हो, बरोबर सांगतोय. मशीनच्या पट्ट्याचं चामडं घट्ट धरतं."

पण मान त्याच्याकडे ठेवून जावी लागणार होती. जुनं पितळ चांगल्या मोलाचं असतं, आणि परत देताना तेच देईल कशावरून? मुनियप्पा पानाची पिंक टाकायला बाहेर गेला तेवढ्यात मी खिशातल्या चाकूने चकतीच्या खालच्या बाजूला माझं आद्याक्षर कोरलं. रंगनाथरावांनी ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

परत येताना मी त्यांना सहज विचारलं, "फोटोचं तुमच्या मनात आहे ना?"

"अम्माची इच्छा आहे," ते म्हणाले. एवढंच. याचा अर्थ यांच्या मनात नाही, असं मी मनाशी टिपून ठेवलं.

खंडेनवमी

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं पुसायची, झेंडूचं फूल वाहायचं, नमस्कार करायचा, की झालं. बंगळूरात या दिवशी लोखंडाचे लाड होतात. सायकली, टांगे, बसगाड्या केळीचे खुंट बांधून नवरदेवासारख्या सजवलेल्या. चौकाचौकांत कोहळे फोडतात, आत कुंकू भरलेलं असतं. माझी चप्पल लालभडक झाली तेव्हा मी आधी माझा पाय तपासला आणि मग आसपास कोण पडलंय ते पाहिलं.

मुनियप्पाच्या दुकानात सगळी हत्यारं पाटावर मांडली होती, आणि त्यांच्या मधोमध, गळ्यात शेवंतीची माळ घालून, माझी मान.

"आज हाथ नहीं लगाने का, साब. पूजा में है. आज औजार आराम करेगा."

झालं! हीच भीती होती. मी म्हणालो, उद्या सकाळी फोटो आहे, मला ती आत्ता हवी. तो म्हणाला, आरती होऊ दे. मी म्हणालो, होऊ दे, मी इथेच बसतो. आरती होईपर्यंत माझी नजर देवाकडे नव्हती, मानेवर होती. प्रसाद म्हणून चणे हातावर ठेवून त्याने माळेसकट मान माझ्या हवाली केली. मी ती उलटी करून बघू लागलो तशी तो मोठ्यांदा हसला.

"मार्क देखता है? है, है. मैंने पालिश नहीं किया, वरना आप पोलीस बुलाते."

गल्लीतले चार लोक हसले. माझं तोंड त्या चपलेसारखं लाल झालं असावं.

घरी येऊन मान स्टँडवर बसवली. तरीही विश्वास ठेवीन तो मी कसला? कॅमेऱ्याच्या जागी दोरीने पाण्याची तांब्याची कळशी बांधली, ती पुढे कलती ठेवली आणि जेवायला बसलो. कोसंबरी, पुरणाची होळिगे, वर तूप. जेवण होऊन विड्याचं पान लावेपर्यंत कळशी तसूभर हलली नव्हती. बढाईखोर असला तरी मुनियप्पाचं काम चोख होतं, हे मला नाइलाजाने मान्य करावं लागलं.

अम्मा तोवर घरच्या मशीनची पूजा मांडत होत्या. मशीन उघडून एकेका भोकात त्या थेंब-थेंब तेल सोडत होत्या. सुशी मदतीला गेली आणि तिचा तेलाचा हात चाकाच्या चामडी पट्ट्याला लागणार, तोच अम्मा केवढ्याने ओरडल्या!

"अय्यो, पट्ट्याला नको! किती वर्षं सांगते तुला? चामड्याला तेल लागलं की घसरतं. मग मशीन फिरतं आणि सुई उभी."

सुशीने हात मागे घेतला. मग अम्मा माझ्याकडे वळल्या.

"तुमचा स्टँडही पूजेत ठेवू का? उद्या त्याच्याकडूनच काम करून घ्यायचं आहे."

मला फार बरं वाटलं. माझ्या स्टँडला एवढा मान मिरजेत माझ्या घरीही कोणी दिला नव्हता. मी तो स्वतः नेऊन मशीनशेजारी उभा केला आणि बाहेर बाहुल्या बघत बसलो.

विजयादशमी

अण्णा सकाळच्या बसने आनेकलहून आले. उंच, ताठ, डोक्याला रुमाल, हातात बन्नीच्या डहाळ्या. आपण सोनं म्हणून आपट्याची पानं देतो, इथे शमीची देतात आणि तिला बन्नी म्हणतात. देताना, सोन्यासारखे राहू या, असंही म्हणतात. अण्णांनी अम्मांच्या पायांवर पानं ठेवली. रंगनाथरावांनी वाकून अण्णांना नमस्कार केला, अण्णांनी त्यांच्या हातात पानं दिली. राहू या वगैरे कोणीही काही बोललं नाही.

अंगणात खुर्ची मांडून अम्मांना बसवलं, डावीकडे अण्णा, उजवीकडे रंगनाथराव. दोघांमध्ये आणखी एक माणूस बसला असता एवढी जागा. दोघांच्या माना दोन दिशांना.

"जरा जवळ," मी म्हणालो.

"अम्मा, त्याला सांग स्वल्प सरकायला," अण्णा म्हणाले.

"अम्मा, मी सरकलोच आहे म्हणावं," रंगनाथराव म्हणाले.

अम्मा दोन्हीकडचे निरोप पोचवत होत्या. असाच कारभार इतकी वर्षं चालला होता, असं सुशी माझ्या मागून पुटपुटली. अण्णांनी एकदा रस्त्याकडे बघितलं. बसची वेळ त्यांच्या मनात असणार. माझ्याजवळ दोनच प्लेटा राहिल्या होत्या. मी फडक्याखाली गेलो, तिघांना चौकटीत बसवलं, नट आवळला, प्लेट सरकवली, बाहेर येऊन "हलू नका" म्हटलं आणि झाकण काढलं.

आणि कॅमेऱ्याने मान टाकली! लालबागेत निदान सावकाश टाकली होती. इथे नाक जमिनीला लावल्यासारखा खाली गेला.

माझं डोकं फिरलं. "तो मुनियप्पा! चोर! रात्रीतून सैल होईल असंच काहीतरी करून ठेवलं त्याने," असं मी भर अंगणात ओरडलो. मग वाटलं, रंगनाथरावांनीच तर नाही? यांच्या मनात फोटो नव्हताच. मी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते दचकले. कॅमेरा उतरवून मी रागाने नट फिरवत राहिलो, तो इतका की पूर्ण निघाला आणि चामड्याची चकती घरंगळत अण्णांच्या पायाशी गेली.

अण्णांनी ती उचलली, बोटांनी चोळली, नाकाशी नेली.

"तेल," ते म्हणाले.

चकती तेलाने निथळत होती. कडेला कुंकू लागलेलं. सगळ्यांनी अम्मांकडे पाहिलं.

"मीच घातलं पूजेत," अम्मा शांतपणे म्हणाल्या. "जाम होऊ नये म्हणून. स्वल्पच घातलं."

त्यांच्यावर कोण रागावणार? मी मट्कन पायरीवर बसलो. फोटो गेला, माझा प्रवास फुकट गेला, आणि या म्हातारीला आपण दोन मुलं एका कागदावर देऊ शकलो नाही. मिरजेहून इतक्या लांब मी हेच करायला आलो होतो का?

अण्णा अजून ती चकती धरून उभे होते.

"अम्मा, त्याला सांग, एक कोरडं फडकं आण म्हणून."

"मला इथून ऐकू येत नाही रे," अम्मा म्हणाल्या. खुर्ची चार पावलांवर होती.

अण्णांनी चकती हातात उलटी केली. मग, चामड्याकडे बघतच, म्हणाले, "रंगा, फडकं."

रंगनाथराव आत धावले. फडकं घेऊन आले, आणि दोघं स्टँडवर वाकले. पितळ पुसलं, चामडं दाबून दाबून पुसलं. "अजून ओलं आहे," अण्णा म्हणाले. "दुकानात काय करायचो आपण, पट्ट्याला तेल लागलं की?"

"रांगोळी," रंगनाथराव म्हणाले.

"मग बघतोस काय? आण की."

रंगनाथरावांनी दारातल्या रांगोळीची चिमूट उचलली. अण्णा म्हणाले, एवढीशी काय, मूठभर आण. रंगनाथराव म्हणाले, जास्त झाली तर चामडं कापेल, तुला नेहमी जास्तच लागतं. अण्णा म्हणाले, तुला नेहमी कमीच पुरतं, म्हणून तर दुकान... आणि तिथे थांबले. सुशीने माझा दंड इतका घट्ट धरला की बोटं उमटली.

"दुकान राहू दे," रंगनाथराव हळू आवाजात म्हणाले. "नट धर तू. मी चकती बसवतो."

अण्णांनी नट धरला. पूड चामड्यावर चोळून, झटकून, चकती जागेवर बसली. अण्णांनी वरून हाताने जोर देऊन बघितलं, मग रंगनाथरावांनी बघितलं, मग मी बघितलं. मान हलली नाही. कॅमेरा परत चढवून मी फडक्याखाली जाऊन पाहिलं तेव्हा दोघं अम्मांच्या एकाच बाजूला उभे होते, हात रांगोळीने पांढरे, चिमूट पुरली असती की नव्हती यावर अजून वाद घालत. दुसऱ्या बाजूला कोणीच नव्हतं. सरका म्हणायचं माझ्या ओठांवर आलं होतं, ते मी गिळलं, दुसरी प्लेट सरकवली आणि झाकण काढलं.

अण्णांची बस गेली. ते जेवायला थांबले.

निघताना

मी निघालो त्या दिवशी स्टँडच्या कापडी पिशवीचा बंद उसवलेला अम्मांना दिसला. त्या लगेच शिवायला बसल्या. माझ्या मनात एक गोष्ट घोळत होती, ती मी धीर करून काढली.

"अम्मा, तुम्ही सुशीला पट्ट्याला तेल लागू दिलं नाहीत. मग माझ्या स्टँडमधल्या चामड्याला कसं घातलंत?"

"चामडं आहे हे कुठे दिसलं मला?" त्या म्हणाल्या. "वय झालं. डोळ्यांना स्वल्प कमीच दिसतं आता."

असं म्हणत त्यांनी दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, सुई उजेडाकडे न धरताच पहिल्या झटक्यात ओवली आणि बंदाला टाका घातला.

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. त्यांनी मान वर केली नाही. जन्मात मी इतक्या लोकांवर संशय घेतला, पण तो खरा निघावा असं मनापासून वाटलं ते या एकदाच.

मिरजेला आल्यावर दोन्ही प्लेटा धुतल्या. पहिलीत अंगणातली रांगोळी आणि पावलांचे तीन जोड आले आहेत, दोन एकमेकांपासून लांब. दुसरीत दोन्ही भाऊ एका बाजूला, तोंडं उघडी, हात हललेले. फोटो म्हणून तो वाईटच आहे. पण त्यात अम्मा कॅमेऱ्याकडे बघत नाहीत, स्टँडच्या मानेकडे बघताहेत, आणि हसताहेत.